विमान लष्कराचं, यादी कुणाची?

४ डिसेंबर २०२३ ला नौदल दिनाची प्रात्यक्षिकं मालवणजवळ तारकर्लीच्या किनाऱ्यावर झाली. पंतप्रधान आले होते, किनारा माणसांनी फुलला होता. डोक्यावरून विमानं जात होती, हेलिकॉप्टरं समुद्रावर येऊन थबकत होती, कमांडो दोरीवरून उतरत होते. माझ्या शेजारी आमच्या बचत गटातली एक मासळी विकणारी आजी उभी होती. सगळं संपल्यावर ती मला म्हणाली, "गे बाये, ही सगळी इमाना वादळाच्या टायमाक खंय होती?"

वादळ म्हणजे तौक्ते. १६ मे २०२१, रविवार. त्या दिवशी ते आमच्या किनाऱ्यालगत वर सरकलं. देवगड-मालवणात नारळ, आंबा, काजू आडवे झाले, विजेचे खांब पडले, काही वाड्यांत कितीतरी दिवस अंधार होता. आजीचं छप्पर गेलं होतं. तिच्या प्रश्नात राग नव्हता, नुसतं कुतूहल होतं. मी तिला म्हटलं, विमानं आपण होऊन येत नाहीत, कुणीतरी मागणी करावी लागते, पत्र लिहावं लागतं. त्यावर ती म्हणाली, "म्हणजे कोणी तरी चिटी धाडूक होयी. मगे ती चिटी धाडतलो कोण?"

हा लेख म्हणजे त्या आजीला मी तिथे वाळूत उभ्या उभ्या जे नीट सांगू शकले नाही, ते आहे. मी या विषयातली तज्ज्ञ नाही. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेऊन गेली बारा-तेरा वर्षं कोकणात काम करते आहे, बहुतेक बचत गट, कौटुंबिक हिंसाचार आणि मच्छीमार बायकांचे प्रश्न. पण २०२१ च्या पावसाळ्यात काही महिने मी कोकणातल्या एका जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षात कंत्राटावर होते आणि तिथे माझ्या हातात जे काम आलं, त्याला इंग्रजीत मोठं नाव आहे. लष्करी हवाई वाहतुकीचं नियोजन. आपल्या भाषेत सांगायचं तर, हेलिकॉप्टर मिळालं तर त्यात काय भरायचं आणि कोणाला बसवायचं याची यादी करणं.

अमेरिकेत या कामाला वाहिलेली माणसं असतात. इलिनॉय राज्यातल्या स्कॉट हवाई तळावर त्यांच्या सैन्याच्या वाहतुकीचं मुख्यालय आहे आणि तिथे गणवेशातल्या अधिकाऱ्यांच्या शेजारी साध्या कपड्यातले मुलकी कर्मचारीही बसतात. आपल्याकडे विमान कधी उडणार, कुठून जाणार, किती इंधन घेणार हे हवाई दलाचे अधिकारी ठरवतात आणि ते योग्यच आहे. पण विमान का हवं, कुठे हवं, त्यात कोण आणि काय असावं, हा अर्धा भाग मुलकी असतो. जिल्ह्याकडून मागणी जाते ती मंत्रालयातल्या मदत व पुनर्वसन विभागाकडे, तिथून केंद्राच्या गृह आणि संरक्षण खात्याकडे, तिथून हवाई दलाकडे. अगदी घाईच्या वेळी जवळच्या तळाकडे थेटही मदत मागता येते. हे फुकट नसतं, हेही वाचकांना माहीत असावं. हवाई दल राज्य सरकारांना फेऱ्यांचं बिल लावतं. २०१८ च्या पुरानंतर केरळला लावलं आणि त्यावरून बराच वादही झाला. त्यामुळे अधिकारी मागणी करताना हात आखडता घेतात. मागणीतला प्रत्येक शब्द तपासला जातो, आणि नेमकी तिथे कात्री लागते.

तौक्तेच्या त्याच रविवारी हवाई दलाची विमानं रिकामी बसली नव्हती. आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान आणि त्यांचं सामान त्यांनी कोलकात्याहून अहमदाबादला नेलं, कारण वादळ गुजरातेत जमिनीवर येणार होतं. तसं ते १७ मेच्या रात्री आलंही. हा निर्णय चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. जिथे वादळ धडकणार तिथे माणसं आधी पोचवायची. पण आमच्या किनाऱ्याला ते नुसतं घासून गेलं, असं दूरच्या नकाशावर दिसतं. घासून गेलेल्या वादळानं काय काय नेलं, ते नकाशात येत नाही. परुळ्याजवळच्या चिपी विमानतळाची अडीच हजार मीटरची धावपट्टी तेव्हा बांधून तयार होती, प्रवाशांसाठी मात्र तो ९ ऑक्टोबर २०२१ ला उघडला. आमच्या वाट्याची मदत रस्त्यानं आणि होडीनं आली.

आता यादीविषयी. हे काम हाती येईपर्यंत मला वाटायचं की विमानाला एकच मर्यादा असते, वजनाची. एम-आय-१७ जातीचं हेलिकॉप्टर जास्तीत जास्त चार टन उचलतं, सी-१३० साधारण वीस टन, सी-१७ सत्तर टनांच्या वर. पण वजनाइतकीच जागाही संपते. सामान सपाट फळ्यांवर रचून, जाळीनं आवळून आत ढकलतात. सी-१७ मध्ये अशा अठरा फळ्या बसतात. पाण्याच्या बाटल्या भरल्या तर निम्मी जागा रिकामी असतानाच वजनाचा काटा संपतो. सॅनिटरी पॅड, गोधड्या, बाळांची लंगोटं भरली तर वजन काहीच होत नाही, पण जागा भरून जाते. म्हणून शहाणा नियोजक जड आणि हलकं असं जोडीनं भरतो, पाण्याच्या वर पॅड, तांदळाच्या वर पांघरुणं. आपण बाजारातून पिशवी भरून आणतो तसंच. बटाटे खाली, कोथिंबीर वर. हे मला एका निवृत्त हवाई सैनिकानं अर्ध्या तासात शिकवलं. आमच्या सिंधुदुर्गात निवृत्त फौजींना तोटा नाही.

या शास्त्राचा मोठा धडा बर्लिनचा. १९४८ च्या जूनमध्ये सोव्हिएत रशियानं पश्चिम बर्लिनचे रस्ते आणि रेल्वे बंद केली, आणि वीस लाखांवर माणसांचं शहर जवळजवळ वर्षभर विमानांनी जगवलं गेलं. दिवसाला काय लागेल याचा हिशेब माणशी उष्मांकावरून केला होता. पाव न नेता पीठ नेलं, कारण पावात पाणी असतं आणि पाण्याचं वजन कशाला उडवायचं? बटाटे वाळवून नेले. मांसातली हाडं काढली. लहान मुलांच्या दुधाची ओळ त्या यादीत वेगळी होती. सगळ्यात जास्त वजन कोळशाचं होतं. उतरायला धावपट्ट्या कमी पडू लागल्या तेव्हा टेगेल इथे तीन महिन्यांत नवी धावपट्टी झाली. ती बांधणाऱ्या हजारो बर्लिनकरांत फार मोठा भाग बायकांचा होता. युद्धानं पुरुष मारले होते किंवा कैदेत होते, तेव्हा बायका दगड-विटा फोडून भराव घालत होत्या, काही जणी तर उंच टाचांच्या बुटांत, कारण दुसरे बूटच उरले नव्हते. इतिहासात वैमानिकांची नावं राहिली.

मुद्दा असा की यादी करणाऱ्याला जे सुचतं तेच उडतं. दूध सुचलं म्हणून दूध उडालं.

२०२१ च्या २२ जुलैला चिपळूण बुडालं, महाडजवळ तळिये गावावर दरड कोसळली. कोकणभर वाड्या तुटल्या. आमच्या कक्षात चोवीस तास फोन वाजत होते. हेलिकॉप्टरचा हवाला आला तेव्हा सामानाची यादी माझ्यापुढे आली आणि मला वीस मिनिटं दिली गेली. तांदूळ, डाळ, बिस्किटं, पाणी, मेणबत्त्या, काडेपेटी, क्लोरीनच्या गोळ्या, ताडपत्री. हे सगळं आधीच्या कुठल्यातरी यादीवरून उतरवलेलं होतंच. त्याखाली मी चार ओळी वाढवल्या: सॅनिटरी पॅड आणि सुती कापड, परकर व आतले कपडे, तान्ह्या मुलांसाठी दूध-पावडर व पाणी उकळायला पातेली, गरोदर बाईसाठी सुरक्षित बाळंतपणाचा संच.

यादी परत आली तेव्हा दूध-पावडर राहिली होती. बाकीच्या तीन ओळींवर आडवी रेघ होती आणि समासात दोन शब्द: अत्यावश्यक नाही.

रेघ मारणारा माणूस वाईट नव्हता. तीन रात्री झोपलेला नव्हता. मी जाऊन विचारलं तेव्हा त्यानं अगदी सौम्यपणे सांगितलं, "मॅडम, आधी जीव वाचवू. बाकीचं मागून." मी वजनाचा हिशेब मांडला, पाण्यावरची जागा रिकामीच जाते आहे हे दाखवलं. त्यानं घड्याळाकडे पाहिलं. ढग इतके खाली आले होते की हेलिकॉप्टर त्या दिवशी उडालंच नाही, दुसऱ्या दिवशी गेलं. पण यादी तीच गेली. म्हणजे पुनर्विचाराला एक अख्खा दिवस होता, आणि मी पुन्हा त्याच्या टेबलापाशी गेले नाही. कंत्राटी बाईनं एकाच गोष्टीसाठी दोनदा जायचं नसतं, हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं, तरी माहीत होतं.

त्या आठवड्यात एका रात्री घरी येऊन मी मावशीजवळ हे सगळं ओकले. माझी मावशी तरुणपणी कुवेतला घरकामाला होती. २ ऑगस्ट १९९० ला इराकी फौजा कुवेतमध्ये घुसल्या आणि तिथल्या लाखाहून अधिक भारतीयांना घरी आणायची वेळ आली. सुरुवातीला हवाई दलाची विमानं वापरायचा विचार झाला, थोडी माणसं तशी आलीही. पण परक्या देशात लष्करी विमान उतरवायचं म्हटलं की दर फेरीला परवानगीची कटकट. म्हणून हे काम मुलकी एअर इंडियाकडे गेलं. १३ ऑगस्टपासून दोन महिन्यांत अम्मान ते मुंबई मुख्यतः अशा ४८८ फेऱ्या झाल्या. जगातली सर्वांत मोठी मुलकी हवाई सुटका म्हणून तिची नोंद आहे, आणि तिचं नियोजन साध्या कपड्यातल्या माणसांनी केलं, याचा मला अभिमानच वाटतो. कोकणातल्या कितीतरी घरांत त्या विमानांतून परतलेलं कुणी ना कुणी आहे.

मावशीनं ही गोष्ट आम्हाला लहानपणापासून सांगितली होती. पासपोर्ट मालकिणीकडेच राहिला, बसनं इराकमार्गे वाळवंटातून जॉर्डनची हद्द गाठली, तिथल्या तंबूत दिवस काढले, मग अम्मान, मग सहार. बिस्किटं मिळाली, पाणी रांगेत मिळालं, एका सरदारजीनं चादर दिली. त्या रात्री तिनं पहिल्यांदा पुढचं सांगितलं. वाटेत तिची पाळी आली. तंबूत शेकड्यांनी पुरुष होते, आडोसा नव्हता. तिनं नेसत्या साडीचा पदर फाडला, मग निऱ्या फाडल्या. विमानात बसली तेव्हा साडी गुडघ्यापर्यंत उरली होती आणि वर ती सरदारजीची चादर गुंडाळलेली होती. सीटला डाग पडेल म्हणून मुंबईपर्यंत ती मागे टेकली नाही, पुढच्या काठावर अवघडून बसून आली. "तीस वर्सा कोणाक बोललंय नाय," म्हणाली. "कोणाक सांगतलंय? लाज वाटा होती."

समासातल्या त्या दोन शब्दांचा अर्थ मला तेव्हा कळला.

पण इतरांच्या रेघांवर बोलून मी सुटणार नाही. त्याच पावसाळ्यात माझ्या हातून झालेली चूक या रेघेपेक्षा मोठी आहे. दरडीमुळे तुटलेल्या एका वाडीतून माणसं हलवायची होती आणि त्यांची नावनिशीवार यादी मला करायची होती. मी रेशनकार्डांवरून केली. तीच सोय होती, संगणकात होतं. कुटुंबप्रमुख, पत्नी, मुलगा, मुलगी. यादी नीट टाइप केली, खाली सही केली. पथक गेलं, यादीतली सगळी माणसं काढून घेऊन आलं, संख्या जुळली, आम्ही सुटकेचा श्वास टाकला. संध्याकाळी त्या वाडीच्या अंगणवाडी सेविकेचा फोन आला. वरच्या कलमांच्या बागेत राखणीला असलेलं नेपाळी कुटुंब कुठे आहे? नवरा, सात महिन्यांची गरोदर बायको आणि दोन मुलं. ती आमच्या यादीत नव्हती. त्यांचं रेशनकार्ड इथे कसं असणार? ती रात्रभर बागेतल्या खोपीत होती, वर डोंगर पाणी सोडत होता. सकाळी गावातल्या पोरांनी दोर लावून त्यांना खाली आणलं. सगळी वाचली. वाचली म्हणून मी हे लिहू शकते आहे.

सेविकेकडे त्या बाईचं नाव होतं. घरपोच आहाराच्या वहीत होतं, वजनासकट, कितवा महिना आहे यासकट. गरोदर म्हणून नोंद घेताना तिनं रेशनकार्ड मागितलं नव्हतं. म्हणजे बरोबर यादी गावात तयार होती. ती एका मानधनावरच्या बाईच्या पिशवीत होती, आणि आम्हाला ती मागायचं सुचलं नाही.

यानंतर महिन्याभरातच काबूल पडलं. १५ ऑगस्ट २०२१ च्या रात्री अमेरिकेचं एक सी-१७ विमान तिथून माणसं घेऊन निघालं. जमिनीवर गच्च बसलेल्या माणसांचा तो फोटो जगभर गेला. आधी सांगितलं गेलं की विमानात ६४० माणसं होती. काही दिवसांनी हवाई दलानंच आकडा दुरुस्त केला: ८२३. फरक १८३ मुलांचा होता. मुलं मांडीवर होती, म्हणून मोजणीत आलीच नव्हती. मी ती बातमी दोनदा वाचली. विमान उडवणाऱ्यांनी त्या रात्री जे केलं ते धाडसाचंच होतं, त्यांना नावं ठेवायचा माझा हेतू नाही. माझ्या मनात आलं ते एवढंच, की मांडीवरचं मूल ज्या मोजणीतून सुटतं, तिच्यातूनच खोपीतली बाईही सुटते. मोजणारा बसायच्या जागा मोजतो, कार्डं मोजतो. बाईच्या अंगावर असलेलं, बाईच्या पोटात असलेलं त्याला दिसत नाही. आणि मोजणारी बाई असली म्हणून दिसतंच असं नाही; मी बाईच आहे.

कायदा काय म्हणतो? आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा आहे. त्याचं बारावं कलम मदतीच्या किमान मानकांविषयी आहे: निवारा, अन्न, पाणी, आरोग्य, स्वच्छता. त्यात बायकांचा उल्लेख एकदा येतो, 'विधवा आणि अनाथ' यांच्यासाठी विशेष तरतूद म्हणून. म्हणजे नवरा मेला की बाई कायद्याला दिसू लागते. टाकलेली, एकटी, गरोदर, पाळीत असलेली, अंथरुणावरच्या सासूला सोडून निघू न शकणारी, यांच्यासाठी तिथे शब्द नाही. एकसष्टाव्या कलमात मदत देताना लिंग, जात, धर्म यावरून भेदभाव करू नये असं आहे, ते चांगलं आहे. पण पॅड न पाठवणं हा भेदभाव आहे हे कोण कुणाला पटवणार? पंचविसाव्या कलमाप्रमाणे जिल्हा प्राधिकरणात जिल्हाधिकारी, जिल्हा परिषदेचे अध्यक्ष, मुख्य कार्यकारी अधिकारी, पोलीस अधीक्षक, जिल्ह्याचे मुख्य वैद्यकीय अधिकारी आणि आणखी दोनपर्यंत अधिकारी असतात. त्यातल्या पदांवर योगायोगानं बाई असू शकते, पण बाईसाठी म्हणून खुर्ची नाही. अंगणवाडी, आशा, मच्छीमार बायका यांच्यापैकी कुणी असण्याचा प्रश्नच येत नाही. आंतरराष्ट्रीय मदतसंस्थांनी मिळून केलेल्या 'स्फिअर' मानकांत माणशी दिवसाला पंधरा लिटर पाणी, पुरुषांच्या एका संडासामागे बायकांचे तीन, पाळीसाठी लागणारं साहित्य, हे सगळं लिहिलेलं आहे. तेव्हा हे कुणाला सुचलेलंच नाही अशी सबब उरलेली नाही.

आता आपल्याच मैत्रिणींचा आक्षेप. एका शिबिरात मी हे मांडलं तेव्हा एक ज्येष्ठ कार्यकर्ती मला म्हणाली, "म्हणजे आता आपण लष्कराची गाठोडी बांधायची का?" प्रश्न टाळण्यासारखा नाही. ४ जून १९८७ ला भारताच्या पाच एएन-३२ विमानांनी बंगळूरहून जाऊन जाफन्यावर सुमारे २५ टन मदत टाकली. सोबत मिराज लढाऊ विमानं होती. आदल्या दिवशी बोटींनी पाठवलेली मदत श्रीलंकेच्या नौदलानं परत फिरवली होती. उपाशी माणसांना अन्न, आणि त्याच वेळी कोलंबोला दम. दोन महिने व्हायच्या आत शांतिसेना गेली, तीही एएन-३२ विमानांतून. त्या सेनेतल्या काही सैनिकांवर तमिळ बायकांवरच्या बलात्काराचे आरोप झाले आणि मानवी हक्क संघटनांनी ते नोंदवून ठेवले आहेत. अन्न नेणारं आणि फौज नेणारं विमान एकच. भरणाऱ्याच्या हातातला कागदही त्याच नमुन्याचा.

म्हणून लष्करात बायकांची भरती वाढली की प्रश्न सुटला, असं मला वाटत नाही. १९९४ मध्ये आपल्या हवाई दलाला वाहतुकीच्या विमानांवर पहिल्या महिला वैमानिक मिळाल्या, तीस वर्षं झाली, मला त्यांचं कौतुक आहे. पण विमान चालवणाऱ्या बाईला मागे काय भरलंय ते ठरवता येत नाही. आणि दुसरीकडे, लष्कराला हात लावायचा नाही म्हणून ती यादी तशीच सोडून द्यायची, हेही मला जमत नाही. पुरात अडकलेली बाई हेलिकॉप्टर कोणाचं आहे ते विचारत नाही. यादीचा मुलकी अर्धा भाग आपला आहे, तो आपण मागून घ्यावा. अन्नाच्या नावाखाली विमान भलतीकडे जात असेल तर ते सांगायलाही यादीच्या टेबलाशी आपलं कोणीतरी असावं लागेल. टेबलाशी बसल्यानं आपण त्यांच्यातलेच होऊन जाऊ, ही त्या ज्येष्ठ मैत्रिणीची भीती खरी आहे. सही करून टाकायची सवय किती लवकर लागते, ते मी वर लिहिलंच आहे.

मग मी मागते काय? फार मोठं काही नाही. माणसं हलवण्याची यादी अंगणवाडी आणि आशाच्या वह्यांवरून व्हावी, रेशनकार्ड फक्त पडताळ्याला. दर पावसाळ्याआधी या वह्यांची प्रत तहसीलला जावी आणि ज्या बाईची वही आहे तिला त्या बैठकीला बोलवावं, चहा द्यायला नव्हे. तिच्या त्या कामाचे पैसे द्यावेत. मानधनात आणखी एक काम कोंबू नये. पॅड, कापड, आतले कपडे, बाळंतपणाचा संच यांची गाठोडी मे महिन्यातच बांधून ठेवावीत, म्हणजे वीस मिनिटांत कुणाला काही सुचावं लागणार नाही आणि कुणाला रेघही मारता येणार नाही. आपल्या गटांनी आपापल्या जिल्ह्यात जाऊन जिल्हा आपत्ती आराखडा मागावा. तो सरकारी कागद आहे, मागता येतो. त्यात सामानाच्या यादीचं पान उघडावं आणि बघावं.

देवबागला आम्ही हे गेल्या वर्षी करून पाहिलं. ज्यांनी देवबाग पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मध्ये वाळूची एक अरुंद जीभ, तिच्यावर गाव. जायला एकच रस्ता. तो पाण्याखाली गेला की होडी, आणि होडी चालेनाशी झाली की वर आभाळ. उद्या कधी हेलिकॉप्टर मागवायची वेळ आली तर इथे येईल. अंगणवाडीच्या खोलीत वीस-बावीस बायका जमल्या. मी त्यांना चार टनांचा हिशेब सांगितला, जड आणि हलकं सांगितलं, आणि म्हटलं, आता तुम्ही भरा. आधी कुणी बोलेना. मग एकदम सगळ्या बोलू लागल्या. पाण्याआधी बॅटरी, कारण अंधारात पोरीबाळी परसाकडे कशा जाणार? सासऱ्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या. पॅडपेक्षा जुन्या साड्यांचं कापड द्या, धुऊन वापरता येतं, असं थोरल्या म्हणाल्या. तरण्या पोरी म्हणाल्या, धुवायला पाणी आणि वाळत घालायला जागा खंय? त्यावर वाद झाला आणि शेवटी दोन्ही लिहायचं ठरलं. पर्यटकांना खोल्या देणारी एक जण म्हणाली, आमच्याकडे राहिलेल्या पाहुण्यांची नावं कोणाच्या वहीत आहेत? ते मला सुचलंच नव्हतं. कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या.

मग मागून एक बाई म्हणाली, "काटो लिवा."

"कसला काटा?"

"मासळी वजन करूचो. घर गेला तरी एक वेळ चलात, काटो रवाक होयो. दुसऱ्या दिवसाक इकूक नको?"

मी पटकन म्हणून गेले, अगो, काटा कशाला हेलिकॉप्टरात, तो काही अत्यावश्यक नाही. खोलीत क्षणभर शांतता झाली. ती बाई काही बोलली नाही, फक्त माझ्या हातातल्या पेनाकडे बघत राहिली. मी काटा लिहिला, आणि त्याचं वजन किती असतं ते तिलाच विचारलं.